स्मरणिकेच्या नोंदी: क्लास सोडून गेलेली मुलं

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज उघडल्या आणि संध्याकाळच्या बॅचला हॉल पुन्हा भरला. येत्या डिसेंबरात आमच्या कराटे क्लासला २५ वर्षं पूर्ण होतात, तेव्हा स्मरणिका काढायची हे सरांनी नक्की केलं. विद्यार्थ्यांचे अनुभव गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. बाकीची पानं ठरल्यासारखीच आहेत: सरांचं मनोगत, ब्लॅक बेल्ट झालेल्यांचे फोटो, पदकांची यादी, ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या दुकानांच्या जाहिराती.

अनुभव म्हणून काय येईल ते मला आत्ताच दिसतंय. शिस्त लागली, आत्मविश्वास वाढला, सरांचे उपकार विसरणार नाही. यातलं काहीही खोटं नाही. पण टिकलेल्यांनाच विचारलं तर टिकण्याचीच गोष्ट ऐकू येणार. या हॉलमध्ये आलेली बहुतेक मुलं ब्लॅक बेल्टच्या कितीतरी आधी थांबली. क्लास त्यांचाही होता.

सरांना विचारलं, "सर, सोडून गेलेल्यांशी बोलू का?"

"बोल की. पण ती वेगळं काय सांगणार? अभ्यास. दुसरं काय."

जुन्या हजेरीवह्या मागितल्या. हॉलच्या लोखंडी कपाटात किकिंग पॅडच्या मागे आहेत म्हणाले.

१८ जून, बुधवार

वह्या घरी आणल्या. सरांची पद्धत पहिल्या वर्षापासून तीच आहे: नाव, इयत्ता, फीची टिक आणि नावापुढे स्केचपेनने बेल्टच्या रंगाचा ठिपका. ठिपक्याचा रंग बदलला की समजायचं ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, झालं. 'सोडला' असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या पानावर नाव येत नाही, इतकंच.

पानं उलटताना तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या. मुलगे नववीची परीक्षा झाली की जातात. मे महिन्यात एखाद-दुसरी हजेरी, जूनच्या पानावर नाव गायब. मुली त्याच्याही आधी जातात, सहावी-सातवीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तयारी चालू असताना फारसं कोणी जात नाही. नवा ठिपका लागतो, पुढे दोन-चार आठवडे हजेरी दिसते, मग रिकामे चौकोन. म्हणजे परीक्षा देऊन, पास होऊन, नवा बेल्ट कमरेला बांधून मुलं जातात.

सर म्हणतात तसं अभ्यास हे कारण दहावीला लागू पडतं. सहावीतल्या मुलीला ते कसं लागू पडेल?

ज्यांचे आईवडील अजून भाजीबाजारात किंवा स्टेशनवर दिसतात, अशांची यादी करायला घेतली. तिथून मुलांपर्यंत पोचता येईल.

२५ जून, बुधवार

नवीन ॲडमिशनचा दिवस. दाराशी एका वडिलांनी विचारलं, "हे ऑलिंपिकमध्ये आहे का?" दर वर्षी कोणीतरी विचारतंच. खरं उत्तर दिलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे होतं, ते २०२१ मध्ये झालं. पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं. आशियाई स्पर्धांमध्ये मात्र १९९४ पासून आहे. पुढचा प्रश्न, "दहावीला मार्क मिळतात ना?" शालेय स्पर्धांत मजल मारली तर दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, हेही सांगितलं. त्यांनी फॉर्म भरला.

त्यांच्यावर माझा राग नाही. कळवा नाक्यावरून रिक्षाने मुलाला आणायचं, तासभर बाहेर थांबायचं, परत न्यायचं, हे आठवड्यातून तीनदा करणारा माणूस हिशेब विचारणारच. पण मूल आत पाऊल टाकायच्या आधीच बाहेर पडायची तारीख ठरलेली असते, हे मात्र खरं. मार्क हवेत ते दहावीला, आणि दहावी आली की क्लास बंद.

याच बॅचमध्ये एक आई आपल्या मुलासोबत शिकते. मुलाचा बेल्ट पिवळा, आईचा पांढरा. आमच्याकडे रांग बेल्टप्रमाणे लागते: सगळ्यात वरचा रंग उजवीकडे, पांढरा शेवटी. मुलगा आईच्या पुढे उभा राहतो, आणि क्लास सुटताना रेई, म्हणजे वाकून नमस्कार, झाल्यावर घरी जाऊन तोच आईला चुका सांगतो. काकू म्हणाल्या, "घरात सगळं मीच शिकवते गं त्याला. इथे तो मला शिकवतो. त्याची मान किती ताठ होते बघ." हे स्मरणिकेत घ्यायचंच.

२ जुलै, बुधवार

आज कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत. सातवीतला एक मुलगा पहिल्यांदा उभा राहिला. समोर त्याच्याच वजनाचा, पण वर्षभर जास्त शिकलेला मुलगा. नियम आधी सांगून झाले होते: हाताचा ठोसा लागला तर युको, एक गुण, पोटावर किंवा पाठीवर लाथ, वाझा-आरी, दोन, डोक्याच्या उंचीवरची लाथ किंवा खाली पडलेल्यावर अचूक मारलेला ठोसा, इप्पोन, तीन. आणि सगळ्यांवर एक अट, तंत्र ताब्यात हवं. चेहऱ्यावर जोरात मारलंस तर गुण सोड, ताकीद मिळेल.

नियम तोंडपाठ असणं वेगळं. समोरच्याचा ठोसा बरगडीवर बसला तेव्हा पोराचा चेहरा लाल झाला. सरांनी "यामे" म्हणून थांबवलं, दोघांना जागेवर नेलं, रेई करायला लावली. तो वाकला, पण डोळे समोरच्यावरच रोखलेले.

क्लास सुटल्यावर त्याला विचारलं, काय वाटलं? त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "ताई, दुखलं नाही जास्त. पण मला इतका राग आला आणि मग नमस्कार करायचा होता. राग कुठे ठेवायचा तेच कळेना."

ब्लॅक बेल्टवाल्यांच्या मनोगतांत असं वाक्य सापडत नाही. त्यांना ते आठवत नसेल, किंवा आता सांगावंसं वाटत नसेल. पहिल्यांदा मार बसतो आणि त्याच क्षणी वाकायचं असतं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला किती जड जातं, ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवं.

४ जुलै, शुक्रवार

सोडलेल्यांपैकी पहिली भेट. हा मुलगा निळ्या बेल्टपर्यंत होता, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तलावपाळीला बोलावलं. गडकरी रंगायतनच्या बाजूने मासुंदा तलावाला फेरी मारत बोललो.

त्याने क्लास दहावीमुळे सोडलाच नव्हता. नौपाड्यातली त्यांची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, भाड्याचं घर कासारवडवलीला मिळालं. घोडबंदर रोड, त्यात मेट्रो ४ चं काम. "पाचला निघालो तरी साडेसहाला पोचायचो ताई. वॉर्म-अप संपलेला असायचा. उशिरा आलं की दाराशी थांबायचं, सरांनी खूण केल्याशिवाय आत यायचं नाही. बरोबर आहे ते. पण रोज रोज दाराशी उभं राहायची लाज वाटायला लागली."

मग दहावी आली आणि सगळ्यांना सांगायला सोपं कारण मिळालं. वहीत तो 'नववीनंतर' याच खान्यात दिसतो. वहीवरून जे दिसतं ते अर्धंच असतं, हे पहिल्याच भेटीत कळलं ते बरं झालं.

"परत का नाही आलास? आता तर घर झालं ना तयार?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्यामागे उभी राहायची ती पोरं आता ब्राऊन बेल्ट आहेत. मी कुठे उभा राहू?"

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

आज क्लास नसतो, पण सर हॉल उघडून बसतात. संध्याकाळी सहापासून माणसं येत राहतात. आजी विद्यार्थी गुलाबाचं एकेक फूल घेऊन, आणि माजी पेढे घेऊन. दर वर्षी पाहते, पण यंदा यादी हातात होती म्हणून नीट पाहिलं.

वहीतून गायब झालेली कितीतरी नावं आज दारात उभी होती. कोणी ऐरोलीच्या कंपनीतून सरळ आलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच. एक जण बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आला होता, बायकोला भिंतीवरचा २००६ चा ग्रुप फोटो दाखवत होता. एक मुलगी परवा सीए फायनलचा निकाल लागला म्हणून पेढे घेऊन आली. वाकून पाया पडतात, सर पाठीवर थाप मारतात, "काय रे, पोट सुटलं" म्हणतात, हशा होतो.

पण मॅटवर कोणी पाय ठेवत नाही. हॉलचा पुढचा पट्टा फरशीचा आहे, तिथे चपला काढायच्या आणि मॅट सुरू होते तिथे वाकून आत यायचं. माजी मुलं फरशीवरच थांबतात. सर मॅटच्या कडेला खुर्ची ओढून बसतात म्हणून पाया पडता येतं. मी दोघा-तिघांना म्हटलं, या ना आत. प्रत्येकाचं उत्तर तेच: "नको ताई, ड्रेस नाही घातलाय."

इतका जीव आहे की वर्षानुवर्षं पेढे घेऊन येतात, आणि मॅटवर यायचा हक्क राहिला नाही असं समजतात. माझ्या मते स्मरणिकेचा विषय हाच आहे. मुलं का जातात याची कारणं निघतील, आणि त्यातली निम्मी आपल्या हातात नसतील. पण परत येता का येत नाही, हे पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

१९ जुलै, शनिवार

आजचं बोलणं सविस्तर लिहिते.

गुरुपौर्णिमेला भेटलेली एक मैत्रीण. माझ्याच बॅचची, माझ्याहून सरस. तिची मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, लहानपणी सगळे थांबून बघायचे: गुडघा आधी बाजूला उचलायची, क्षणभर तसाच धरायची आणि मग पाय खांद्याच्या उंचीवरून फिरायचा, मान जराही न हलता. सातवीत हिरवा बेल्ट घेतला आणि महिन्याभरात बंद. तेव्हा तिच्या आईने 'अभ्यास' सांगितलं होतं. आता ती बँकेत आहे. राम मारुती रोडवर तिच्या ऑफिसजवळ चहा घेतला.

"पांढरा ड्रेस," ती म्हणाली. "बाकी काही नव्हतं गं. पांढरी पँट, समोर मुलं, मागे मुलं, आणि पाय डोक्यापर्यंत उचलायचा. पहिल्यांदा पाळी आली त्या महिन्यात मी चार क्लास बुडवले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, दांड्या का? त्यांना कुठे ठाऊक होतं. मी काय सांगणार होते? पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग आईला म्हटलं, नको आता."

हॉलच्या स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकाकांकडे असायची. मागायची तर त्यांच्याकडे, तेही मुलांच्या घोळक्यातून जाऊन. अजूनही तशीच असते.

मी क्लास सोडला नाही, कारण माझी आई दाराशी बसायची आणि तिच्या पिशवीत सगळं असायचं. तिची आई नोकरी करायची. फरक एवढाच. जिद्द, चिकाटी, एकाग्रता हे शब्द माझ्या नावापुढे लावले जातात तेव्हा यापुढे मला ती पिशवी आठवेल.

वहीतल्या सहावी-सातवीच्या मुलींना आता मी फोन करतेय. सगळ्या हेच सांगतील असं नाही. पण एकीने सांगितल्यावर दुसरीला कसं विचारायचं ते मला कळलंय.

२५ जुलै, शुक्रवार

सरांशी बोलले. क्लास सुटल्यावर, मुलं गेल्यावर. आधी शब्द जुळेनात, मग सरळच सांगितलं.

सर बराच वेळ पॅड एकावर एक रचत राहिले. मग म्हणाले, "पंचवीस वर्षांत मला कोणी बोललं नाही."

"सर, तुम्हाला कोण बोलणार?"

"तुझ्या वहिनींशी बोलायला हवं होतं मी. त्या नेहमी म्हणायच्या, मुली का टिकत नाहीत ते शोधा." वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी.

मी विंबल्डनचं उदाहरण दिलं. तिथे पांढऱ्या कपड्यांचा दंडक किती कडक, पण २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाच्या शॉर्ट्स घालायला परवानगी मिळाली. सरांना पटवायला त्याची गरज नव्हती, ते आधीच पटले होते.

सोमवारपासून असं ठरलं: सरावाला काळी किंवा निळी ट्रॅकपँट चालेल, आणि ती मुलगे-मुली सगळ्यांनाच, म्हणजे कोणी वेगळं दिसणार नाही. ग्रेडिंग आणि स्पर्धेला पूर्ण पांढरा ड्रेस, आत गडद शॉर्ट्स घालायच्या. स्वच्छतागृहाची दुसरी किल्ली बनवून मुलींच्या बॅगा ठेवतात त्या खुंटीवर लटकवायची. दांडीचं कारण सगळ्यांसमोर विचारायचं नाही. यातली शेवटची सूचना सरांची स्वतःची.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हजेरी अर्धी. दहीहंडी आठवड्यावर आली, मोठी मुलं गोविंदा पथकाच्या सरावाला. ठाण्यात हे दर वर्षीचं आहे. इथे हंड्या मोठ्या आणि पथकंही मोठी. १४ वर्षांखालच्यांना थरावर चढवायला बंदी आहे, त्यामुळे लहान बॅच शाबूत.

एक अकरावीतला मुलगा दोन्हीकडे जातो. तो सगळ्यात खालच्या थरात उभा राहतो. किबा-दाची म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहणं. म्हणाला, "किबा-दाची इतकी वर्षं केली त्याचा उपयोग तिथे होतो. गुडघे बाहेर, पाठ सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. वरून माणसं हलली तरी मी हलत नाही." पथकातल्या इतरांना तो आता किबा-दाची शिकवतो. त्याच्या दांड्या सर वहीत लावत नाहीत, हे आज कळलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो पाऊस. आज शाळा-कॉलेजांना सुट्टी, लोकलचे हाल. ऑफिसला गेले नाही. स्मरणिकेतल्या इतिहासाच्या पानाचा मजकूर लिहून काढला. सरांनी 'कराटेची प्राचीन परंपरा' असा मथळा दिला होता. लिहिता लिहिता मला त्यात वेगळंच दिसलं.

काता म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम. आम्ही पहिली काता शिकवतो ती हेइआन शोदान. या मालिकेतल्या पाच काता जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी बसवल्या. तेव्हा त्यांचं नाव पिनान होतं. कराटे शाळांमध्ये शिकवावं म्हणून १९०८ मध्ये इतोसुंनी शिक्षण खात्याला पत्रही लिहिलं. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन स्वतः शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं, तिथेच राहिले, आणि पुढे या कातांना हेइआन हे नाव दिलं.

बेल्ट यात कुठे आहेत? ते कराटेतले नव्हेतच. १८८२ मध्ये कोदोकान ही जुदोची शाळा काढणाऱ्या कानो जिगोरो यांच्या जुदोतून ते आले. फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिल्या दान (ब्लॅक बेल्टच्या) पदव्या दिल्या त्या १९२४ मध्ये. रंगांची शिडी तर आणखी पुढची. म्हणजे इतोसु आपल्या पोरांना पिनान शिकवत होते तेव्हा त्या पोरांच्या कमरेला ना पिवळा होता, ना हिरवा. आणि आपल्याकडे त्याच रंगामुळे एक इंजिनिअरिंगचा मुलगा विचारतो, मी कुठे उभा राहू.

मला बेल्टविरुद्ध काही म्हणायचं नाही. मुलांना पुढची पायरी दिसायला हवी, आणि ग्रेडिंगच्या दिवशीचा त्यांचा उत्साह मला स्वतःला हवासा वाटतो. पण बेल्टशिवायही कराटे होतं, हे सरांपुढे मांडायला आता हातात काहीतरी आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. क्लास बंद. सरांकडे दर्शनाला गेले, आरतीनंतर विषय काढला. "विसर्जन होऊ दे, बसू" म्हणाले. वहिनींनी मात्र तिथेच विचारलं, "शनिवारी हॉल रिकामाच असतो ना?"

१० सप्टेंबर, बुधवार

बसलो. शनिवारी संध्याकाळी सात ते सव्वाआठ, परत येणाऱ्यांसाठी बॅच. बेल्ट कोणी बांधायचा नाही, सरांनीही नाही. रांग नाही, जिथे जागा मिळेल तिथे उभं राहायचं. ड्रेस नसेल तर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. उशीर झाला तर खूण मिळायची वाट न पाहता वाकून आत यायचं. दिवाळीपर्यंत फी नाही. दहावी-बारावीच्या मुलांनाही आठवड्यातून हा एकच क्लास करायची मुभा, नाव वहीतून जाणार नाही.

रांगेच्या मुद्द्यावर सर अडले होते. "रांग मोडली की क्लास मोडतो," हे त्यांचं म्हणणं, आणि सोम-बुध-शुक्रच्या साठ लहान मुलांच्या बॅचबाबत ते शंभर टक्के खरं आहे. मी म्हटलं, शनिवारी एकदाच करून बघू.

एक मुद्दा मी मांडला आणि सरांनी लगेच मान्य केला. मिळालेला बेल्ट कधीही परत घेतला जात नाही. दहा वर्षांनी आलेला हिरवा बेल्ट हिरवाच. त्याला पुन्हा पांढऱ्यापासून सुरू कर असं कोणीही सांगायचं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

सातला पाच कमी असताना हॉलमध्ये मी, सर आणि वहिनी. बाहेर भुरभुर पाऊस. सर घड्याळ बघत नव्हते, पण दाराकडे बघत होते.

पहिली आली ती बँकेतली मैत्रीण. ऑफिसची साडी बदलून काळी पँट घालून आली होती. मॅटच्या कडेशी थांबली, वाकली आणि आत आली. मग दहावीतले दोघे. मग तान्ह्या मुलीचा बाप, मुलीला वहिनींच्या मांडीवर देऊन. सव्वासातला कासारवडवलीचा मुलगा धापा टाकत. तो सवयीने दाराशी थांबला. सर नुसते "ये" म्हणाले. आणखी काही जण आले, ज्यांना मी फोनच केला नव्हता. बातमी आपापसांत फिरली असणार.

वॉर्म-अपमध्ये सगळ्यांची दमछाक झाली. मग हेइआन शोदान.

बहुतेकांना वाटत होतं, आठवणार नाही. सरांनी "हाजिमे" (सुरू करा) म्हटलं आणि सगळी अंगं डावीकडे वळली. गेदान-बाराई (खालचा वार अडवणं), ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून ठोसा). मागे वळून पुन्हा गेदान-बाराई, हात ओढून घेऊन वरून मूठ, ओई-झुकी. पुन्हा डावीकडे, आणि मग तीन आगे-उके (हात वर करून अडवणं) पुढे चालत. तिसऱ्याला किआई, म्हणजे जोरात आरोळी. इतक्या वर्षांनी काढलेला तो आवाज आधी एकेकट्याचा निघाला.

आणि तिथेच सगळे अडकले. तिसऱ्या आगे-उकेनंतर उजव्या पायावर फिरून डावा पाय मागून आणायचा, पाऊण फेरी घ्यायची. निम्मे एका भिंतीकडे वळले, निम्मे दुसऱ्या. कासारवडवलीचा मुलगा आणि मैत्रीण समोरासमोर आले आणि दोघेही हसू लागले. ही जागा लहान मुलांनाही अडते, मलाही अडायची. एकवीस हालचालींतली ही वळण-जागा अशी आहे की जिकडे जायचंय ते डोळ्यांसमोर नसतं.

सर मॅटच्या मध्ये आले. "मान आधी," म्हणाले. "पाय नंतर. आधी बघ कुठे जायचंय." प्रत्येकाजवळ जाऊन हनुवटीला दोन बोटं लावून त्यांनी तोंड बरोबर दिशेला फिरवलं. मग म्हणाले, आता सोडा पाय. सगळे वळले. दहावीतल्या मुलाशेजारी त्याच्याहून दुप्पट वयाचा माणूस, दोघांचे पाय एकाच रेषेत.

पुन्हा सुरुवातीपासून केली. मग पुन्हा. चौथ्या वेळी दुसऱ्या किआईला, ओळीतल्या तिसऱ्या ओई-झुकीला, वहिनींच्या मांडीवरची मुलगी दचकून रडायला लागली, तेव्हा थांबलो.

कोणाचा बेल्ट कुठला होता हे सव्वा तासात एकदाही निघालं नाही. निघताना मैत्रिणीने मॅटच्या कडेला मावाशी-गेरी मारून बघितली. पाय कमरेच्या वर गेला नाही. "होईल," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

मागच्यापेक्षा दोघे कमी, एक नवीन. सगळ्यांच्या मांड्या अजून दुखतायत. सरांनी आज काता घेतलीच नाही, पूर्ण वेळ माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ: गुडघा छातीपाशी, पायाची बोटं मागे ओढलेली, चवड्याने आघात, आणि पाय तितक्याच वेगाने परत. परत आणणं कोणालाच जमत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्र. गरब्यामुळे कोणी येणार नाही असं वाटलं होतं. तिघी गरब्याच्या आधी येऊन गेल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

शस्त्रपूजन. लाठ्या, साई (त्रिशूळासारखं छोटं शस्त्र), किकिंग पॅड, हेडगार्ड, ग्लोव्हज सगळं पुसून मांडलं. मुलांनी आपापले बेल्टही गुंडाळून ठेवले. ट्रॅकपँटचा नियम येऊन दोन महिने झाले. सातवीतल्या मुली सलग येतायत, हे वहीत दिसतं. अजून थोडे महिने जाऊ देत, मगच त्याबद्दल स्मरणिकेत लिहीन.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्लासनंतर सर, वहिनी आणि मी स्मरणिकेची पानं लावायला बसलो. छापखान्याला मजकूर दिवाळीच्या आधी हवाय.

ब्लॅक बेल्टचे फोटो आणि पदकांची यादी राहणार, ती राहायलाच हवी, त्यामागे घाम आहे. अनुभवांना चार पानं होती, ती दहा झाली. त्यात राग कुठे ठेवू विचारणारा मुलगा, मुलाच्या मागे उभ्या राहणाऱ्या काकू, घोडबंदर रोड, खालच्या थरातला गोविंदा. पांढऱ्या ड्रेसचा मजकूर मैत्रिणीने स्वतः लिहून दिलाय. नाव घालू का विचारलं तर म्हणाली, घाल.

शेवटची चार पानं सरांनी मागून घेतली. २००० पासूनच्या सगळ्या हजेरीवह्यांमधली सगळी नावं, वर्षाप्रमाणे, एक महिना आलेल्यांचीसुद्धा. नावापुढे बेल्टचा रंग द्यायचा नाही. वहिनी म्हणाल्या, जागा पुरणार नाही. सर म्हणाले, अक्षर बारीक करा, जाहिरात एक कमी घ्या.

मैत्रिणीने निघताना सरांना विचारलं, डिसेंबरच्या ग्रेडिंगला बसू शकते का? सरांनी सांगितलं, सोम-बुध-शुक्रमधला एक दिवस जोडलास तर बस, निळ्यासाठी. ती बुधवार बघते म्हणाली.

राहिलेली कामं: २००५ च्या वहीची पावसात भिजून काही पानं चिकटली आहेत, त्या वर्षीची नावं त्याच बॅचच्या मुलांना विचारून पुरी करायची. आडनावांची स्पेलिंगं इंग्रजीत लिहिलेली आहेत, ती देवनागरीत नीट करून घ्यायची. जी मुलं सापडली त्यांना नाव छापलं तर चालेल ना, विचारायचं. आणि शनिवारच्या बॅचसाठी वेगळी हजेरीवही आणायची, ठिपक्यांचा रकाना नसलेली.